गुडघ्यातलं ग्रीस संपलंय म्हणे! कूर्चा, हाडं आणि झिजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं तरी एकच वाक्य बोलत आत शिरतात, "मॅडम, गुडघ्यातलं ग्रीस संपलंय." हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत गुंडाळी झालेला एक्स-रे. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरायची आणि "गॅप किती उरलाय?" असं विचारायचं, हा पुढचा ठरलेला भाग. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. यावरून कुणी आपलं निदान करू नये. गुडघा हाताने तपासावाच लागतो.

ग्रीस संपतं म्हणजे नेमकं काय संपतं?

ग्रीस संपत नाही. झिजलेल्या गुडघ्यात उलट पाणी जास्तच साचतं, म्हणून तर तो सुजतो. झिजते ती कूर्चा. मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरी, किंचित निळसर, गुळगुळीत टोपी असते ना, तीच. शाकाहारी मंडळींनी शहाळ्यातली जाड मलई डोळ्यांपुढे आणावी, फक्त ती रबरासारखी घट्ट आहे असं समजावं.

ही टोपी गुडघ्यात साधारण २ ते ४ मिलिमीटर जाडीची असते, वाटीच्या मागे त्याहून थोडी जाड. तिच्यातला ७० टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच. हे पाणी धरून ठेवतात ॲग्रिकॅन नावाचे मोठाले रेणू. फालुद्यातला सब्जा पाण्यात जसा टम्म फुगतो तसे हे रेणू पाणी ओढून फुगायला बघतात, आणि कोलॅजेनच्या धाग्यांची जाळी त्यांना आवळून धरते. या ओढाताणीतून जो ताठपणा येतो त्यावर आपलं वजन तोललं जातं. दोन कूर्चांच्या मधल्या चिकट द्रवामुळे त्या एकमेकींवर इतक्या अलगद सरकतात, की बर्फावर बर्फ घसरतानासुद्धा घर्षण जास्त होतं.

त्यामुळे 'ग्रीस घालून द्या' ही मागणी मुळातच चुकते. बेअरिंग बंद ठेवलं तर टिकतं. कूर्चा बंद ठेवली तर उपाशी मरते.

उपाशी मरते? ती काय खाते?

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिच्या पेशींना अन्न आणि प्राणवायू मिळतो तो त्या चिकट द्रवातून, झिरपत झिरपत. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते आणि पाणी बाहेर येतं, पाऊल उचललं की ती पुन्हा पाणी शोषून घेते. भांडी घासायचा स्पंज दाबून सोडल्यावर होतं तेच. चालणं म्हणजे कूर्चेचं जेवण. पक्षाघाताने किंवा मणक्याच्या इजेने पाय लुळे पडलेल्या माणसांची कूर्चा काही महिन्यांतच पातळ होऊ लागते, हे एमआरआयवर मोजून पाहिलेलं आहे. 'गुडघे दुखतात म्हणून आता आईला जागेवरून उठूच देत नाही' असं मुलं प्रेमाने सांगतात तेव्हा माझा जीव खालीवर होतो तो यामुळे.

वय झालं की झीज होणारच ना?

वयाचा वाटा आहेच, पण झीज म्हणजे चपलेचा सोल घासणं नव्हे. कूर्चेतल्या पेशी आकारमानाने १-२ टक्केच असतात, पण सगळा कारभार त्यांच्या हातात. जुनी इजा, जास्त वजन, वाकडे पाय, रजोनिवृत्ती, आनुवंशिकता अशा कारणांनी या पेशी बिथरल्या की त्या स्वतःच कात्र्या (कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम) सोडायला लागतात. एक कात्री ॲग्रिकॅन कापते, दुसरी कोलॅजेनची जाळी. पहिलीचं नाव ॲडम्ट्स-५. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी या कात्रीचं जनुक बंद केलेले उंदीर तयार केले, आणि त्यांची कूर्चा बऱ्यापैकी शाबूत राहिली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, आता गोळी येणार. ती गोळी अजून आलेली नाही.

पुढे सगळ्या सांध्यालाच झळ लागते. कूर्चेखालचं हाड कडक होतं, कडांना टोकं फुटतात (एक्स-रेच्या रिपोर्टात 'हाड वाढलंय' म्हणतात ते हेच), सांध्याचं आतलं अस्तर सुजतं, दोन हाडांमधल्या गाद्या (मेनिस्कस) फाटतात, मांडीचा स्नायू वाळतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या सांगाड्यांचा एक अभ्यास आला. गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दुपटीहून वाढलेलं त्यात दिसलं, आणि वाढलेलं आयुर्मान आणि वजन जमेस धरल्यावरही ही वाढ उरलीच. तेव्हा सगळं खापर वयावर फोडता येत नाही.

गेलेली कूर्चा परत येते का?

नाही. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये लंडनमध्ये लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनी त्याला पुरावा मिळाला तो अणुबॉम्बमुळे. १९५० आणि ६०च्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या आणि हवेत किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला. तो पिकांत गेला, पिकांतून माणसांत. त्यामुळे शरीरातला एखादा धागा कोणत्या सुमारास विणला गेला ते त्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. २०१६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजेन असं तपासलं. ते सगळं माणसाची वाढ पूर्ण होण्याआधीचं निघालं. झिजलेल्या गुडघ्यातसुद्धा नवी वीण नाही. म्हणजे साठाव्या वर्षी आपण ज्या जाळीवर उभे असतो, ती दहावी-बारावीच्या वयात विणून झालेली असते.

ॲग्रिकॅन मात्र बदलत राहतं. म्हणून असलेली कूर्चा सांभाळता येते. 'कूर्चा पुन्हा उगवते' असं लिहिलेली बाटली दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

रिपोर्टात 'ग्रेड ४' लिहिलंय. आता ऑपरेशनच ना?

एक्स-रेवरून झीज मोजायच्या या ग्रेड १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी ठरवल्या, शून्य ते ४. एक्स-रेवर कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते आणि तिच्यावरून कूर्चेचा अंदाज बांधतात. तोच तुमचा 'गॅप'. एक्स-रे उभं राहून काढलेला नसेल तर तोही अंदाज चुकतो. झोपून काढलेल्या फिल्मवर गॅप छान दिसतो आणि घरी सगळे खूश.

आता गंमत बघा. कूर्चेला संवेदना नेणाऱ्या नसा नाहीत, त्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सुजलेलं अस्तर, ताणलेलं आवरण. म्हणूनच चित्र आणि दुखणं यांचं गणित जुळत नाही. माझ्याकडे एक माळीणमावशी येतात. दोन्ही गुडघे ग्रेड ४, आणि अजून भाजीची पाटी उतरवतात. त्याच आठवड्यात एक शिक्षिका आल्या, ग्रेड २, जिना चढताना डोळ्यांत पाणी. दुसऱ्या बाईंची मांडी हाताने चाचपली तर स्नायू अगदी पिलपिलीत. फिल्म बघून मी काहीच ठरवत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा म्हणते. ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजते.

संधिवात, आमवात, हाडं ठिसूळ होणं हे सगळं एकच का?

नाही. आपल्याकडे सगळ्यालाच 'वात' म्हणतात, म्हणून घोळ होतो. झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, आणि दुखणं वापराने वाढतं. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हाताची बोटं, मनगटं दोन्हीकडे सुजतात आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही. त्याची औषधं वेगळी, आणि ती लवकर सुरू करावी लागतात. तीच औषधं झिजेवर वापरून पाहिली गेली, पण म्हणावा तसा फायदा झाला नाही. पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकू लागला तर युरिक ॲसिड तपासा. आणि हाडांचा ठिसूळपणा हा तर सांध्यांचा आजारच नव्हे. तो मुळात दुखतही नाही. हाड मोडतं तेव्हाच कळतो.

मग हाडं ठिसूळ कशाने होतात?

हाड म्हणजे निर्जीव खांब, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा नवा होतो. यासाठी दोन टोळ्या काम करतात. खोदणारी टोळी दोन-तीन आठवड्यांत खड्डा पाडून पुढे जाते. भरणाऱ्या टोळीला तोच खड्डा बुजवायला तीन-चार महिने लागतात. आपल्याकडच्या रस्त्यांना हे सांगायला नको. तरुणपणी हिशोब जुळतो. पाळी थांबली की इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा खोदणाऱ्यांवरचा लगाम सुटतो, आणि पहिली पाच-सात वर्षं भरण्यापेक्षा खोदणं जोरात चालतं. मणके खचतात, पाठीला बाक येतो, आजीची उंची कमी होते. 'नऊवारी आता लांब होते' असं एक आजी म्हणाल्या होत्या. साडी तेवढीच होती, आजी चार सेंटिमीटरने कमी झाल्या होत्या.

तपासणी डेक्सा स्कॅनने होते, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेने. टी-स्कोअर (तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ठिसूळपणा. चौकात तंबू टाकून टाचेवर यंत्र लावतात ती तपासणी चाळणीपुरती, तिच्यावर औषध सुरू करू नये.

औषधं चांगली आहेत, पण ती घ्यायची रीत कुणी नीट सांगत नाही. अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा घ्यायचा नाही. चहाबरोबर घेतलेली गोळी जवळपास वाया जाते, आणि गोळी घेऊन लगेच लवंडलं तर अन्ननलिका पोळते. दर ६ महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू असेल तर ते मनाने बंद करू नका. अडलेला खोदकाम विभाग एकदम सुटतो आणि एकापाठोपाठ एक मणके मोडू शकतात. बंद करायचंच असेल तर डॉक्टर आधी दुसरं औषध लावून देतात.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी गुडघा बरा होईल का?

नाही. कॅल्शियम हाडासाठी आहे, कूर्चेसाठी नाही. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, कपभर दुधात दोनशेच्या वर, शिवाय तीळ आणि पालेभाज्या. ताटात हे नीट असेल तर गोळी लागेलच असं नाही. 'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी बहुतेकदा आठवड्याला एक अशी लिहून देतात. ती रोज एक अशी घेणारी माणसं मी पाहिली आहेत. उलट्या, मग मूत्रपिंडाला त्रास. चिठ्ठी दोनदा वाचा.

एका ठिकाणी वाताच्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत आराम पडतो. घेऊ का?

दोन दिवसांत आराम पडतो, हेच संशयाचं कारण. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. खाल्ल्यावर भूक वाढते, चेहरा गोल होतो, 'तब्येत सुधारली' असं घरचे म्हणतात. आत मात्र साखर चढते, हाडं ठिसूळ होतात आणि कधी कधी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो. तो गोळा मरतो आणि हळूहळू चेपतो. याला एव्हीएन म्हणतात. तिशी-चाळिशीतल्या माणसाची जांघ दुखत असेल आणि मांडी घालता येत नसेल तर आधी हा विचार करायचा. एक्स-रे सुरुवातीला साफ येतो, एमआरआयवरच कळतं. कोविडमध्ये स्टेरॉइडने जीव वाचले, पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्यानंतरच्या एव्हीएनच्या रुग्णांची नोंद केली. दारू हे दुसरं मोठं कारण. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार हेही कारण असतं. गोळा चेपायच्या आत निदान झालं तर तो वाचवायचे प्रयत्न करता येतात.

पुड्या बराच काळ घेतल्या असतील तर एकदम सोडू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा.

व्यायाम कोणता? दुखत असताना कसा करायचा?

साध्या चालण्यातही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटीपर्यंत भार येतो, जिना उतरताना साडेतीन पट. हा झटका झेलतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो वाळला की सगळं हाडावर येतं. झिजेवरच्या सगळ्या उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो व्यायामामागे, आणि त्याचं कुणी बिल करत नाही म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

पाय सरळ करून गादीवर बसा. गुडघ्याखाली टॉवेलची जाडसर गुंडाळी ठेवा. आता गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा, पायाचा पंजा स्वतःकडे ओढा. मांडीवर हात ठेवून बघा, वाटीच्या वरचा भाग दगडासारखा झाला पाहिजे. झाला नाही तर तुम्ही कंबरेने ढकलताय. सात-आठ आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. टीव्हीवर मालिका सुरू असताना एक हप्ता सहज उरकतो.

दोन आठवड्यांनी खुर्चीतून उठबस. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी. उठताना नाक पायाच्या अंगठ्याच्या वर आलं पाहिजे, तरच उठता येतं. खरी मेहनत खाली बसताना आहे. धपकन बसू नका, तीन मोजत बसा.

दुखणं किती सोसायचं? व्यायाम करताना थोडं दुखलेलं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याहून जास्त दुखत असेल तर आकडे निम्मे करा, पण बंद करू नका. सहा आठवडे तरी फरकाची वाट बघायची. चार दिवसांत 'काही फरक नाही मॅडम' म्हणणाऱ्यांची यादी माझ्याकडे लांबलचक आहे.

पळण्याने गुडघे खराब होतात ना?

यवतेश्वरच्या घाटात मॅरेथॉन भरायला लागल्यापासून हा प्रश्न दरवर्षी येतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हौसेने पळणाऱ्यांत खुब्याची आणि गुडघ्याची झीज साधारण साडेतीन टक्के, बसून राहणाऱ्यांत दहा टक्के, आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत तेरा टक्के निघाली. हौसेने पळा. आधीच गुडघा सुजलेला असेल तर उतारावर मात्र नको.

मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं सोडायचं का?

दुखत नसेल तर सोडू नका. दुखत असेल तर पाट किंवा कमोड घ्या, त्यात कमीपणा काय? बीजिंगमधल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात, तरुणपणी रोज तीन तासांहून जास्त उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जवळपास दुप्पट आढळली. रोज तीन तास, हे लक्षात घ्या. भात लावणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बायकांना हा आकडा लागू पडतो. पंगतीत अर्धा तास बसणाऱ्यांना नाही.

वजन कमी केलं तर खरंच फरक पडतो?

एका अभ्यासात, एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरलेला दिसला. शिवाय चरबी नुसती ओझं नसते, ती सूज वाढवणारी रसायनंही सोडते. म्हणूनच स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांतही झीज जास्त दिसते, आणि बोटांवर तर कुणी चालत नाही.

२०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा गुडघेदुखीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६८ आठवड्यांत वजन सरासरी पावणेचौदा टक्क्यांनी उतरलं आणि दुखणं शंभरपैकी सुमारे ४२ अंकांनी कमी झालं. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचंही २७ अंकांनी कमी झालं होतं, हेही सांगायला हवं. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला होताच. औषध महाग आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

गुडघ्यात इंजेक्शन घ्यावं का? जेल, पीआरपी, स्टेरॉइड?

स्टेरॉइडने सुजलेला गुडघा काही आठवडे शांत होतो. लग्नकार्य आहे, प्रवास आहे, तर एखादं ठीक. पण २०१७ च्या एका अभ्यासात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ते दिलं, तर तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा कूर्चा जास्त पातळ झाली आणि दुखण्यात फरक शून्य.

जेल म्हणजे हायलुरोनिक ॲसिड, खऱ्या अर्थाने 'ग्रीस घालणं'. सगळे अभ्यास एकत्र केले की फायदा फारच थोडा दिसतो. जाता जाता, माळकऱ्यांसाठी: यातले काही प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात, काही जिवाणूंकडून. विचारून घ्या.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टोचणं. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर याची नीट परीक्षा झाली, २०२१ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दुखण्यात आणि कूर्चेतही मिठाच्या पाण्यापेक्षा ते सरस ठरलं नाही. बरं वाटलेली माणसं मला भेटतात, आणि त्यांना खोटं ठरवायची माझी इच्छा नाही. पण कर्ज काढून घेऊ नका.

स्टेम सेल?

जाहिराती खूप, ठोस पुरावा कमी. २०२२ मध्ये भारतात दात्याच्या हाडमज्जेतल्या पेशींपासून बनवलेल्या एका उत्पादनाला मधल्या टप्प्यातल्या झिजेसाठी मान्यता मिळाली. ते वेगळं, आणि पोटाची चरबी काढून तासाभरात गुडघ्यात टोचणारी दुकानं वेगळी. कूर्चेला अपघातात छोटा खड्डा पडलेल्या तरुणांसाठी स्वतःच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवण्याचं तंत्र १९९४ पासून आहे, आणि ते चांगलं चालतं. पण ते खड्ड्यासाठी आहे. सगळा रस्ताच उखडलेला असेल तर उपयोग नाही.

ग्लुकोसामाइन, कोलॅजेन पावडर, डिंकाचे लाडू?

सांध्यांसाठी पूरक म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनचा मोठा सरकारी अभ्यास अमेरिकेत १५८३ लोकांवर झाला, २००६ मध्ये निकाल आला. एकूण रुग्णांत खोट्या गोळीपेक्षा सरस नाही. कोलॅजेन पावडर पोटात पचते, ती उठून थेट गुडघ्यात जात नाही. डिंकाचे लाडू थंडीत जरूर खा, मीही खाते. वजनाचा हिशोब तेवढा ठेवा.

आयुर्वेदाने बरं होतं का?

चरकसंहितेत संधिगतवाताचं वर्णन आहे. सूज हाताला हवा भरलेल्या पखालीसारखी लागते आणि पाय लांब-आखूड करताना वेदना होते. इतकं नेमकं वर्णन मी पाठ्यपुस्तकांत क्वचित वाचलंय.

उपचारांची परीक्षा आपल्याच पुण्यातल्या डॉक्टरांनी घेतली आहे. भिगवणला १९९६ पासून गावकऱ्यांच्या सांधेदुखीचं सर्वेक्षण करणारे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली ४४० रुग्णांवर सुंठ-गुळवेलीवर आधारलेली औषधं, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी यांची तुलना केली गेली. २०१३ मध्ये निकाल आला, आयुर्वेदिक औषधं बरोबरीची ठरली. त्यात खोट्या गोळीचा गट नव्हता, ही त्रुटी मला खटकते. पण त्या संशोधकांनी, काही रुग्णांच्या यकृताचे आकडे वाढल्याचं लपवलं नाही, हे मला त्याहून मोलाचं वाटतं. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनीही गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वैद्यांकडून घ्या, रक्त तपासत राहा, व्हॉट्सॲपवर वाचून काढे उकळू नका. निर्गुडीच्या तेलाने मालिश करायला माझी काहीच हरकत नाही.

दुर्बिणीने गुडघा धुऊन घेतला तर?

नको. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला १८० जणांवर हा प्रयोग झाला. काहींचा गुडघा खरोखर धुतला, काहींना नुसते वरवर छेद दिले. रुग्णाला संशय येऊ नये म्हणून शस्त्रक्रियागृहात पाणी उडाल्याचे आवाजसुद्धा केले. दोन वर्षांनी सगळे गट सारखेच. गुडघा मध्येच अडकून बसत असेल तर गोष्ट वेगळी.

गुडघा कधी बदलायचा? किती वर्षं टिकतो?

रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालवत नाही, व्यायाम आणि गोळ्या मनापासून करून झाल्या, तेव्हा. 'एक्स-रे खराब आहे, आताच करून टाका' हे कारण नव्हे. पन्नाशीच्या आतले वाकड्या पायांचे लोक आधी हाड सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारून घेऊ शकतात.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या आकड्यांनुसार पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. तरी पाचातला एक जण पुरता समाधानी नसतो, हे आधीच ऐकून ठेवा. इम्प्लांटच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. बाकी बिल रुग्णालयाचं असतं, म्हणून इम्प्लांटची किंमत बिलात वेगळी लिहून मागा. ऑपरेशनआधी महिनाभर मांडीचा व्यायाम केलेली माणसं नंतर लवकर जिना चढतात, हे मी रोज बघते.

गुडघ्यात कटकट वाजतं.

दुखत नसेल तर वाजू द्या.

पाऊस आला की का दुखतं?

पुष्कळांना दुखतं, हे खरं. हवेच्या दाबाशी त्याचा संबंध जोडतात, पण मोजायला गेलं की तो कधी सापडतो, कधी नाही. शेक घ्या.

गोळी रोज घेतली तर चालेल?

आधी डायक्लोफिनॅकचं मलम, दिवसातून तीन-चारदा, नुसतं चोपडून नव्हे तर जिरवून. गुडघा त्वचेच्या जवळ असल्यामुळे ते पोहोचतं. पोटातून घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब, मूत्रपिंड आणि जठर या तिघांवरही ताण देतात. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.

यंदा वारीला जाऊ का?

हा प्रश्न विचारणारे परवानगी मागत नसतात, त्यांचं जायचं ठरलेलंच असतं. मग तयारी तरी करा. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सराव चैत्रात सुरू करा. आठवड्याला दोन किलोमीटर वाढवत जा, कापडी चपलेवर नाही, जाड सोलच्या बुटांवर. जमत नसेल तर लोणंदपासून पालखीला मिळा, दिवेघाट टळतो. मुक्कामी पोहोचल्यावर बुट काढले की आधी टॉवेलचा व्यायाम दहा वेळा, मग भजन.

काठी कोणत्या हातात धरायची?

दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे टाकायची. जवळजवळ सगळे उलट धरतात. काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. हात मोकळा सोडून उभं राहा आणि मागून नातवाला मोजायला सांगा. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. काठीच्या टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला.